व्हॉल्व्ह रेडिओचा आवाज वाढवण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी सुट्या भागांतून बांधलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) सुपरहेटरोडाइन रेडिओ, म्हणजे येणारी लहर एका ठराविक मधल्या कंप्रतेवर आणून वाढवणारा संच, ५८५ किलोहर्ट्झवरचे नागपूर केंद्र दिवसाही स्वच्छ पकडत असे, परंतु व्हॉल्यूम कंट्रोल शेवटपर्यंत फिरवूनही आवाज खोलीबाहेर जात नसे. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, आवाजाचा संदेश वाढवायला ईसीसी ८३चा एक अर्धा भाग (या एका काचेत दोन व्हॉल्व्ह असतात), स्पीकर चालवायला ईएल ८४ आणि एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ईझेड ८० असा हा संच आहे. बहुतेक व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे असून काही नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात, तर काही कबाड्याकडे मिळाले. तालुक्याच्या गावातील एका जुन्या मेकॅनिकने आवाज ऐकताच तोडगा सांगितला: "ईसीसीचा दुसरा अर्धा रिकामाच आहे ना जी, तोही लावून टाका." हा सल्ला बहुतेक जण देतात आणि डायोड डिटेक्टर (लहरीतून आवाजाचा संदेश वेगळा काढणारा भाग) असलेल्या संचासाठी तो मला पटत नाही.

त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. ईएल ८४ला २५० व्होल्टवर पूर्ण म्हणजे सुमारे ५.७ वॅट शक्ती देण्यासाठी ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये संदेश शिरतो त्या टोकावर, ४.३ व्होल्ट इतकाच संदेश लागतो. ईसीसी ८३चा वर्धनांक (जास्तीत जास्त किती पट वाढवतो तो आकडा) १०० असला, तरी प्लेटला, म्हणजे वाढलेला संदेश निघतो त्या टोकाला, जोडलेला १०० किलोओमचा रेझिस्टन्स आणि पुढच्या ग्रिडचा ४७० किलोओम धरून प्रत्यक्षात सुमारे ५५ पट वर्धन मिळते. डिटेक्टरकडून व्होल्टचा दहावा हिस्सा आला, तरी त्याचे साडेपाच व्होल्ट होतात. दुसरा अर्धा भाग मालिकेत जोडला, तर हे ५५ पुन्हा ५५ने गुणले जाईल आणि एवढ्या वर्धनातून गाण्याआधी हम (विजेची घरघर) व शिट्टीच बाहेर पडेल. ज्यांचा संच एका व्हॉल्व्हच्या रिजनरेटिव्ह डिटेक्टरवर (वाढलेला संदेश पुन्हा स्वतःकडेच फिरवणाऱ्या) चालतो आणि ज्यांच्याकडे संदेशच मिलिव्होल्टांत येतो, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना दोन पायऱ्या खरोखरच लागतात.

म्हणून आधी असलेली पायरी मोजली. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा स्वर वाजवून तो ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून व्हॉल्यूम कंट्रोलवर दिला आणि ग्रिडवर ५० मिलिव्होल्ट येतील असा ठेवला. हा प्रयोग मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचावरच करावा. ज्या संचात हीटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) मालिकेत जोडून थेट लाइनवर चालवतात, त्याची चेसिसच जिवंत, म्हणजे हात लावताच झटका देणारी, असू शकते. प्लेटवर, तेवढ्याच कंडेन्सरमधून मोजल्यावर, २.७ व्होल्टच्या आसपास अपेक्षित असताना १.४ व्होल्ट दिसले. निम्मे वर्धन कुठे गेले, हे या आकड्यातच लिहिलेले आहे. कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) जोडलेल्या दीड किलोओमच्या रेझिस्टन्सला समांतर कंडेन्सर नसेल, तर त्याच रेझिस्टन्सवर संदेशाचा काही भाग उलट परततो आणि वर्धन ५५वरून २८च्या घरात येते. भंगारातून काढलेला २५ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक जागेवर होता, पण आतून सुकलेला. त्याच्या जागी नवा लावताच मीटर २.७वर गेला.

ईएल ८४च्या १३५ ओमच्या कॅथोड रेझिस्टन्सवरही हेच तपासावे, कारण तिथला कंडेन्सर मेला तर वर्धन सुमारे अडीच पटीने घटते. त्याच वेळी ईसीसीच्या प्लेटपासून ईएल ८४च्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कंडेन्सर बदलून टाकावा. जुना कागदी कंडेन्सर गळू लागला, की ग्रिडवर धन दाब चढतो, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि आवाज फाटतो. पॉलिएस्टरचा ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा, स्वस्तात मिळतो. प्लेट रेझिस्टन्स २२० किलोओम करून आणखी थोडे वर्धन काढता येते, पण कानाला तो फरक जेमतेम कळतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ४ ओमचा असेल, तर स्पीकरही ४ ओमचाच लावावा. ८ ओमचा लावल्यास ईएल ८४ला सुमारे ५ ऐवजी १० किलोओमचा भार दिसतो.

वर्धन परत आले, की आधी न ऐकू येणारी हमही येते. व्हॉल्यूम कंट्रोलपासून ग्रिडपर्यंत शील्डची तार वापरून तिचे एकच टोक चेसिसला जोडले, हीटरच्या तारा पिळून कडेने नेल्या आणि हीटरच्या दोन्ही टोकांपासून चेसिसकडे १०० ओमचे दोन रेझिस्टन्स लावले. ईसीसीच्या प्लेटचा पुरवठा २२ किलोओम आणि १० मायक्रोफॅरडमधून वेगळा गाळल्यावर उरलेली भुणभुणही बसली. ही कामे करताना संच बंद असला, तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये २५० व्होल्टहून अधिक दाब उरलेला असू शकतो. तो रेझिस्टन्समधून उतरवून मीटरने खात्री केल्याशिवाय चेसिसमध्ये हात घालू नये.

एवढे करूनही रब्बीत हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत आवाज पुन्हा बसला, आणि त्याला रेडिओ जबाबदार नव्हता. थ्री फेज लाइन आली, की शिवारातले मोटरपंप एकदम सुरू होतात, एकाच डीपीवरचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो आणि ६.३ व्होल्टच्या हीटरला ४.९ व्होल्टच मिळतात. थंड कॅथोडमधून पुरेसे इलेक्ट्रॉन निघत नाहीत, प्लेटचा दाबही पडलेला असतो, त्यामुळे त्या वेळी कोणताही कंडेन्सर बदलून उपयोग नसतो. ट्रान्सफॉर्मरचा २०० व्होल्टचा टॅप कायमचा वापरण्याचा मोह टाळावा, कारण पंप बंद झाल्यावर रात्री दाब २५०वर जातो आणि हीटरला पावणेआठ व्होल्टांपेक्षा जास्त मिळतात. गावात फ्रीजसाठी वापरतात तो स्टॅबिलायझर इथे पुरतो. फक्त तो रेडिओपासून हातभर दूर ठेवावा, नाहीतर त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र आपल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते आणि ५० हर्ट्झची हम नव्याने सुरू होते.