दहा टेस्लाला पडलेली खाच

मोलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धवाहकाच्या एका थराची जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर असते आणि १ टेराहर्ट्झच्या लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर. सफायरच्या चकतीवर वाढवलेला असा थर या लहरीला जेमतेम जाणवतो; आमच्या नमुन्यामुळे पारगमनात, म्हणजे आरपार जाणाऱ्या लहरीत, पडणारा फरक टक्काभरही भरत नव्हता. म्हणूनच ऐन पावसाळ्यात, मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत, १० टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रातल्या वर्णपटाला शून्य क्षेत्राच्या वर्णपटाने भागल्यावर ०.५६ टेराहर्ट्झजवळ सहा टक्क्यांची खाच पडलेली दिसली, तेव्हा मला आनंदापेक्षा शंकाच अधिक वाटली.

सरांना मात्र ती हवी तिथेच सापडली होती. इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान (स्फटिकात तो जितका जड भासतो ते) मुक्त इलेक्ट्रॉनच्या निम्मे धरले, तर १० टेस्लाला सायक्लोट्रॉन अनुनाद, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वर्तुळात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी लहर शोषणे, ०.५६ लाच यायला हवा. १.१ जवळची दुसरी खाच दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेवरची जोड) म्हणून खपून गेली, ०.७५ आणि ०.९९ जवळच्या खाचांविषयी कोणी बोलेना. नको असलेल्या बिंदूंना ‘नॉइज’ म्हणून बाजूला सारण्याची सवय आमच्या क्षेत्रात फार रुजली आहे.

पाण्याच्या वाफेच्या शोषणरेषेचा ०.५५७ हा आकडा आमच्यापैकी प्रत्येकाला पाठ असतो. परंतु ती रेषा सुईसारखी बारीक असते आणि ही खाच चांगली रुंद होती. रुंदीचे कारण सफायरमध्येच होते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या चकतीत आतल्या आत परावर्तित झालेला टेराहर्ट्झ स्पंद सुमारे १० पिकोसेकंदांनी मागाहून येतो. तो टाळण्यासाठी आम्ही स्पंदाची कालानुसार नोंद तिथेच तोडतो आणि मग ०.१ टेराहर्ट्झहून बारीक काहीच वेगळे दिसत नाही. शिवाय नमुन्याची चलनशीलता (इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात याचे माप) ५० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंदच्या आसपास असताना, दोन टकरींच्या मध्ये इलेक्ट्रॉन वर्तुळाचा शंभरावा भागही पुरा करत नाही. तिथे इतका ठळक अनुनाद येणार कुठून?

मी क्षेत्र ८ टेस्लावर उतरवायला सुचवले. अनुनाद असता तर ०.४५ वर सरकला असता. खाच जागची हलली नाही, उलट आणखी खोल झाली. लहरीच्या वाटेवरची पेटी कोरडी ठेवणारा नायट्रोजनचा सिलिंडर संपत आला होता, आणि चुंबक सावकाश चढत असताना पेटीतली आर्द्रताही त्याच्या जोडीने चढत गेली होती. आर्द्रतामापक नायट्रोजनच्या नळीच्या तोंडाशीच बसवलेला असल्याने तो शेवटपर्यंत हवा कोरडीच असल्याचे दाखवत राहिला. द्रव हेलियम आमच्याकडे फोनवर मिळते. नायट्रोजनच्या सिलिंडरला मात्र सह्यांचा फेरा चुकत नाही.

कोरड्या पेटीत खाच नाहीशी झाली. क्षेत्राची दिशा उलटवली की चिन्ह बदलणारे, अर्ध्या मिलिरेडियनच्या आतले ध्रुवीकरणाचे (लहरीच्या कंपनदिशेचे) वळण तेवढे उरले. क्रायोस्टॅटच्या (नमुना थंड ठेवणाऱ्या पात्राच्या) खिडक्यांवरील ताणामुळे येणारे वळण असे चिन्ह बदलत नाही, त्यामुळे हे थरातल्या इलेक्ट्रॉनांचेच असावे असे गणित सांगते. तरीही त्याच क्षेत्रात कोऱ्या चकतीचे मोजमाप झाल्याशिवाय तसे लिहायला मी तयार नाही, आणि कोऱ्या चकतीवर हेलियम खर्च करायला सर तयार नाहीत.