खाडीतील ल्युअर आणि रिळाचा गिअर रेशो : या हंगामाची नोंद

पावसाळा सरल्यापासून मी मासेमारीची ४००० या मध्यम आकाराची दोन स्पिनिंग रिळे (ज्यांत दोरी गुंडाळायचा स्पूल स्थिर राहतो) एकाच रॉडवर आणि सारख्याच जाडीच्या ब्रेडसह, म्हणजे विणलेल्या दोरीसह, आलटून पालटून वापरत आहे. एकाचा गिअर रेशो ५.३ : १ आहे आणि दुसऱ्याचा ६.२ : १. जिताडा आणि तांबोशी या माशांसाठी खाडीत जे ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिषे, फेकले जातात, त्यांपैकी कोणता कोणत्या रिळावर अधिक चांगला चालतो, हे भरती-ओहोटीच्या वेगवेगळ्या अवस्थांत पाहणे हा हेतू होता. आता निवड बरीचशी निश्चित झाली आहे, म्हणून ती कारणांसह मांडतो.

रेशोचा आकडा एकटा फारसे सांगत नाही. ६.२ : १ याचा अर्थ हँडलच्या एका फेऱ्यात रोटर (दोरी गुंडाळणारा फिरता भाग) स्पूलभोवती ६.२ वेळा फिरतो, इतकाच. दोरी किती आत येते, हे स्पूलच्या व्यासावरही अवलंबून असते. माझ्या रिळांवर दोरी काठोकाठ भरलेली असताना व्यास ५२ मि.मी. भरतो, म्हणजे परीघ सुमारे १६.३ सें.मी. होतो. त्यामुळे ५.३ चे रीळ एका फेऱ्यात ८७ सें.मी. आणि ६.२ चे १०१ सें.मी. दोरी ओढते. दोरी कमी भरली आणि व्यास ४८ मि.मी. वर आला, तर तेच ६.२ चे रीळ जेमतेम ९३ सें.मी. ओढते. दोन रिळांची तुलना करताना दोरी जमिनीवर पसरून, दहा फेरे गुंडाळून, टेपने मोजलेला आकडाच मी प्रमाण मानतो.

वेगाची किंमत जोरात मोजावी लागते. ६० मि.मी. लांबीच्या हँडलवर मुठीला १० किलोचा दाब दिला, तर घर्षण सोडून देता ५.३ च्या रिळात दोरीवर सुमारे ४.४ किलो आणि ६.२ च्या रिळात सुमारे ३.७ किलो ओढ मिळते. मात्र ६.२ च्या रिळाला ७० मि.मी. चे हँडल बसवले की ओढ पुन्हा ४.३ किलोच्या वर जाते, म्हणजे जवळजवळ ५.३ इतकीच, हात तेवढा मोठ्या वर्तुळात फिरवावा लागतो. ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी आवरून सोडणाऱ्या ब्रेकचा, जोर गिअरवर अवलंबून नसतो, आणि मोठा मासा स्पिनिंग रिळावर आपण रॉड उचलून, मग रॉड खाली आणताना दोरी गुंडाळून आणतो. त्यामुळे माशाच्या वजनाचे कारण देऊन कमी रेशो निवडणे मला पटत नाही. ल्युअर पाण्यात दिवसभर जो भार देतो, तो अधिक महत्त्वाचा आहे.

खाडीत खरा निर्णय प्रवाह करतो. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीच्या) ओहोटीला पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत आहे असे धरू. ल्युअर वरच्या अंगाला फेकला आणि सेकंदाला एक फेरा या गतीने गुंडाळला, तर ६.२ च्या रिळावरही तो पाण्याबरोबर नुसता वाहत येतो, हलत नाही, ५.३ च्या रिळावर तर दोरीत ढील साठत जाते आणि मासा लागलेला कळतही नाही. सेकंदाला दोन फेरे दिले, तर ६.२ च्या रिळावर ल्युअर पाण्याच्या तुलनेत सेकंदाला साधारण एक मीटर आणि ५.३ च्या रिळावर पाऊण मीटर वेगाने पोहतो. उलट ल्युअर खालच्या अंगाला फेकला, तर प्रवाहच त्याला हलवतो. तिथे सेकंदाला अर्धा फेरादेखील पुरतो आणि ५.३ चे रीळ हाताला कितीतरी सुखाचे वाटते. म्हणून उधाणाच्या दिवसांत, वरच्या अंगाला फेकून मासेमारी करायची असेल, तर मी ६.२ चेच रीळ लावतो. भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या) संथ पाण्यात मात्र दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

यानंतरचा प्रश्न असा की ल्युअर हलवतो कोण, रॉड की रीळ? मिनोला (लहान माशाच्या आकाराच्या ल्युअरला) दोन झटके देऊन थांबवण्याच्या पद्धतीत, जिच्यावर जिताडा बहुधा थांब्याच्या क्षणी येतो, सगळी हालचाल रॉडची असते आणि रिळाला फक्त ढील काढायची असते. तिथे ६.२ उत्तम. जिगहेडवरचे (वजनदार डोक्याच्या गळावरचे) सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे मऊ ल्युअर, तळाशी उड्या मारत आणतानाही हेच लागू होते. मोठ्या लिपचा (तोंडापुढच्या पट्टीचा) खोल जाणारा क्रँकबेट हा फुगीर ल्युअर मात्र रिळाने सलग ओढायचा असतो आणि पाण्याचा विरोध इतका असतो की ६.२ च्या रिळावर मनगट लवकर थकते, शिवाय नकळत वेग वाढतो. त्यासाठी ५.३, आणि ४.४ च्या आसपासचे पॉवर गिअरचे (कमी रेशोचे, जास्त जोराचे) रीळ मिळाल्यास अधिकच चांगले. एक गोष्ट मात्र ६.२ च्या बाजूने नोंदवावीशी वाटते: ल्युअरवरील भारातला लहानसा बदल, जसे पानाचा तुकडा अडकणे किंवा प्रवाहाची धार ओलांडणे, त्या रिळावर हाताला अधिक स्पष्ट जाणवतो.

खडकावरून मेटल जिग (धातूचा जड ल्युअर) वेगाने आणताना ६.२ ला पर्याय नाही. पॉपरसाठी (पृष्ठभागावर पाणी उडवणाऱ्या ल्युअरसाठी) मी कोणतेही चालवून घेतो.

गोड्या पाण्यात मरळ माशासाठी फ्रॉग (बेडकाच्या आकाराचा ल्युअर) वापरताना बेटकास्टर, म्हणजे फिरत्या स्पूलचे रीळ, लागतो आणि तिथे आकड्यांचा अर्थ बदलतो, कारण स्पूल लहान असतो. ३४ मि.मी. व्यासावर ७.३ : १ चे रीळ फेऱ्याला सुमारे ७८ सें.मी. ओढते, म्हणजे माझ्या ‘हळू’ स्पिनिंग रिळापेक्षाही कमी. पाणवनस्पतींत मरळीला खाली शिरू न देता तिचे तोंड लगेच वर काढायचे असते, त्यामुळे तिथे सातच्या खालचा रेशो मी घेणार नाही.

पुढच्या उधाणापर्यंत ६.२ च्या रिळाला ७० मि.मी. चे हँडल बसवून तोच खोल क्रँकबेट प्रवाहाविरुद्ध ओढून पाहणार आहे. मनगटावरचा ताण ५.३ इतका उतरला, तर खाडीसाठी एकच रीळ बरोबर न्यावे लागेल आणि दुसऱ्यावर जाड ब्रेड भरून ते खडकावरच्या गोबरा माशासाठी ठेवता येईल.