ऑपरेशन करायचं, पण चोरून नाही

रविवार, रात्र

वजनाच्या ऑपरेशनचं आज घरात स्पष्ट बोलले. अण्णा गप्प बसले. आई लगेच म्हणाली, "तरण्याताठ्या लेकराच्या पोटाला कशाला सुरी लावायची गं? रात्रीची भाकरी सोड." भाकरी कितीदा सोडली! वजन उतरतं आणि वर्षभरात व्याजासकट परत येतं.

वय २४, उंची १५८ सेंमी, वजन १०४ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४१ च्या वर. पीसीओडी या बीजाशयाच्या विकारामुळं पाळी महिनोन्‌महिने येत नाही, लिव्हरवर चरबी आहे, साखर सीमेवर आहे. आज्जीच्या पायाच्या अंगठ्याची जखम मीच धुवायचे. पाणी जास्त गरम असलं तरी तिला कळायचं नाही, शुगरनं पायाची जाणीवच गेली होती. मला त्या वाटेनं जायचं नाही.

लातूरहून संभाजीनगरला जाऊन दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढतात, निमुळती नळी तेवढी ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. आणि डाएट करून वजन उतरवलं की शरीर हेच घ्रेलिन वाढवतं! हे ऐकून मला रडू आलं. लहानपणापासून "जिभेवर ताबा नाही" हेच ऐकत आलेय.

पण काढलेलं जठर परत बसत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं, रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत, जेवताना पाणी प्यायचं नाही. सुरुवातीचे काही महिने केसही गळतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं, आणि आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा शिजत नाही. मग पनीर, दही, सोयाबीन, पावडर. येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात भज्जी, उंडे, आंबिलीची पंगत बसली की मामीच्या आग्रहाला दरवर्षी नाही म्हणावं लागेल. हे सगळं मला जमेल असं वाटतंय.

जमणार नाही ते वेगळंच. आत्या फोनवर म्हणाली, "करून टाका, पण कुणाला सांगू नका. अपेंडिक्सचं म्हणा. स्थळं यायलीत." डॉक्टरांनी सांगितलंय, ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. वजन उतरलं की पाळी सुधारते, दिवस राहण्याची शक्यता वाढते, म्हणून जास्तच जपायचं. लपवून लग्न केलं आणि सहा महिन्यांत सासूनं गोड बातमी विचारली, तर काय सांगू? ताटात इतकंच का घेतेस म्हटलं, तर? ज्या घरात हे लपवावं लागेल तिथं मी रोज जेवणार कशी? मला हे माझ्या पायांसाठी, माझ्या साखरेसाठी करायचंय.

पैशाचं अण्णा बघतायत. डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय ४० च्या वर असला की विम्यात हे बसतं म्हणे, पॉलिसीची प्रतीक्षा-मुदत तेवढी तपासायची आहे.

अजून हो म्हटलेलं नाही. मला रात्री ॲसिडिटी होते, आणि स्लीव्हनं ती वाढू शकते. म्हणून आधी एंडोस्कोपी, मग स्लीव्ह की बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात ते) हे ठरेल. जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, "तारीख घे, मी येतो संगं." आत्याला उद्या मीच फोन करणार आहे. कुणी विचारलं तर वजनाचंच ऑपरेशन म्हणून सांग, म्हणणार आहे.