बाहेरची हार्ड डिस्क कोणती घ्यावी? तुम्ही विचारलंत म्हणून

चवथीला घुमट या कातडे चढवलेल्या मातीच्या वाद्यावर होणाऱ्या आरत्या आणि जत्रांतील नाटके ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी फोंड्यात बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे विसर्जन झाले की भजनी मंडळांतून, नाटकवाल्यांकडून आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्रांकडून एकच प्रश्न हमखास येतो: फोन भरला, लॅपटॉप भरला, आता हार्ड डिस्क कोणती घेऊ? फोनवर दिलेले उत्तर घाईत अर्धवट राहते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

मी आधी विचारतो, की डिस्क पिशवीत घालून फिरवायची आहे, की कपाटात जपून ठेवायची आहे. ही दोन वेगळी कामे आहेत. साध्या हार्ड डिस्कच्या पोटात धातूचा थर दिलेल्या तबकड्या बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेत असतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते, त्यामुळे चालू असताना बसलेला धक्का तिला सर्वांत घातक ठरतो. एका चवथीला मी लॅपटॉप आणि डिस्क प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवून फाइली उतरवत होतो, तेव्हा धावत्या मुलाचा पाय केबलमध्ये अडकला आणि डिस्क लाल सिमेंटच्या जमिनीवर पडली. पुन्हा जोडल्यावर आतून टक् टक् एवढाच आवाज येत राहिला. तीन रात्रींच्या आरत्या तिच्यात होत्या, आणि फोन व कॅमेरा मी आधीच रिकामे केले होते. त्यातली काही घुमटे घोरपडीच्या कातड्याची, जुनी होती. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे चढवतात, ते योग्यच आहे, पण तो जुना नाद मला पुन्हा मिळणार नाही.

म्हणून फिरतीच्या कामाला मी एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, सुचवतो. तिच्यात फिरणारा भाग नसतो, ती खिशात मावते आणि वेगही पुष्कळ असतो. एका रात्रीचे चित्रण 100 जीबी धरले, तर सेकंदाला 100 एमबीच्या आसपास लिहिणाऱ्या साध्या डिस्कला सुमारे सतरा मिनिटे लागतात आणि 500 एमबीने लिहिणाऱ्या एसएसडीला साडेतीन मिनिटे पुरतात. सॅमसंग टी7 सारख्या एसएसडीवर सेकंदाला हजार एमबीच्या वरचा वेग छापलेला असतो, परंतु लॅपटॉपचा पोर्ट तेवढा वेगवान नसेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. जुन्या यूएसबी 2 पोर्टला लावली, तर कितीही महाग एसएसडी त्याच कामाला पाऊण तास घेईल.

कपाटासाठी मात्र मी साधी हार्ड डिस्कच घेतो. तेवढ्याच पैशांत तिच्यात कितीतरी अधिक जागा मिळते. शिवाय एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते आणि दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षे न जोडता ठेवण्याची वस्तू नव्हे. कपाटातल्या डिस्कचा शत्रू आपला पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर मी ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पुड्या अधूनमधून बदलतो.

दुकानात गेल्यावर अडीच इंची डिस्क मागावी. ती यूएसबीवरच चालते, साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो. 1 टीबीची डिस्क विंडोजवर 931 जीबी दाखवते, ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची असेल, तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी. काही डिस्कांत यूएसबीचा पोर्ट आतल्या सर्किटवरच डाग दिलेला असतो आणि तो सैल झाला, तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या डबीत बसवता येत नाही. म्हणून केबल ओढू नये आणि डिस्क केबलला लटकू देऊ नये.

पैसे एकाच चांगल्या एसएसडीपुरते किंवा दोन साध्या डिस्कांपुरते असतील, तर मी निःशंकपणे दोन साध्या डिस्का घ्या म्हणेन. फोनमधून डिस्कवर टाकून फोन रिकामा केला, की प्रत पुन्हा एकच उरते, आणि माझे नुकसान नेमके तसेच झाले. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम मी आता पाळतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. माझ्या पिशवीत एसएसडी असते, कपाटात एक डिस्क आणि दुसरी म्हापशाला बहिणीकडे. चवथीला आणि शिगम्याला आम्ही भेटतो, तेव्हा दोन्ही डिस्का जुळवून घेतो आणि चारदोन आरत्या शेवटपर्यंत ऐकतो. गेल्या शिगम्याला म्हापशाच्या डिस्कवरची एक फाइल उघडेना. ती माझ्या डिस्कवरून तिथेच, बहिणीच्या ओसरीवर बसून, पुन्हा उतरवली.