बोईचं खोरं: नऊ चर्चं आणि त्यांच्यामधल्या पायवाटा

स्पेनला जाणारे आपले बहुतेक लोक बार्सिलोना, माद्रिद आणि वेळ उरलाच तर ग्रानादा करून परततात. चालण्याची आवड असलेल्यांना 'कामिनो', म्हणजे सांतियागोची पायी यात्रा, ऐकून माहीत असतो. कातालुन्याच्या वायव्य कोपऱ्यात, पिरेनीजच्या कुशीतलं बोईचं खोरं मात्र यांपैकी कुणाच्याच यादीत नसतं. जूनच्या उत्तरार्धात तिथे जाऊन आलो. ज्यांना डोंगरही हवेत आणि जुनी वास्तूही हवी, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी थोडी ओळख. नोगेरा दे तोर नावाची नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांना लहान लहान गावं आहेत. काही तळाशी, काही उतारावर. या गावांमध्ये मिळून अकराव्या-बाराव्या शतकांतली आठ चर्चं आणि डोंगराच्या सोंडेवर एक छोटं प्रार्थनागृह, अशा नऊ वास्तूंना 2000 साली युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दगडी भिंती, लाकडी छपरावर पाटीच्या काळ्या दगडाच्या चिपा आणि बाजूला चौकोनी, उंच, सडपातळ मनोरा. उत्तर इटलीतल्या लोंबार्दीच्या गवंड्यांची ही शैली. भिंतीवरून वर जाणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या लहान कमानींची रांग दिसली की ओळखायचं. इतक्या आडबाजूला एवढं बांधायला पैसा कुठून आला? इथले सरंजामदार म्हणजे एरिल घराणं. दक्षिणेकडच्या मुस्लिम राज्यांविरुद्धच्या मोहिमांत ते सामील होते, आणि तिकडून आलेली लूट या दगडांत ओतली गेली असं इतिहासकार सांगतात.

गाडी घेऊन गेलात तर ही नऊ ठिकाणं एका दिवसात 'होतात'. तसे उरकणारे पुष्कळ भेटले. गाडीतून उतरायचं, फोटो, तिकीट, पुढचं गाव. माझं स्पष्ट मत आहे की असं करू नये. हे मनोरे एकमेकांना दिसावेत अशा बेतानेच उभे केले आहेत. त्यांच्यावरून घंटा वाजत, इशारे जात. एरिल गावच्या मनोऱ्यापासून निघून बोई गावचा मनोरा समोर ठेवून चालताना, आणि मग वळणावर ताउल गावचा वर डोकावताना, ही मांडणी आपोआप कळते. गाडीच्या काचेतून ती कळत नाही, कारण रस्ता वेगळ्याच वळणांनी जातो. जुन्या पायवाटा अजून शाबूत आहेत आणि त्यांवर पाट्याही आहेत.

मी मुक्कामासाठी बोई निवडलं, कारण ते मध्यावर पडतं. तिथून खाली उतरून नदी ओलांडली की एरिल, जेमतेम अर्धा तास. तिथल्या सांता एउलालियाचा सहा मजली मनोरा माझ्या मते सगळ्यांत देखणा. आत येशूला क्रुसावरून उतरवतानाचा सात लाकडी मूर्तींचा समूह आहे, पण ती प्रतिकृती. मूळ मूर्ती 1907 साली एका अभ्यासमोहिमेला सापडल्या आणि पुढे त्यांची वाटणी झाली. पाच विक गावच्या संग्रहालयात, दोन बार्सिलोनात. एरिलमध्येच खोऱ्यातल्या सगळ्या चर्चांचं माहिती केंद्र आहे. पहिल्या दिवशी तिथेच जा. वेळापत्रक घ्या, एकत्रित तिकीट घ्या. ताउलचं सांत क्लिमेंत जवळजवळ वर्षभर उघडं असतं, पण कार्देत आणि कोलसारखी लहान चर्चं ठरावीक दिवशीच उघडतात. दुपारी सगळंच बंद. त्यामुळे चर्चं सकाळी किंवा चारनंतर आणि मधल्या वेळात चाल, असा दिवस लावला तर धावपळ होत नाही.

बोई ते ताउल ही दगडी पाखाडीची चढाची वाट, पाऊण तासाची. चढ खडा आहे, पण राजगडाची पायवाट चढलेल्याला काही वाटणार नाही. वर पोचलं की गावाच्या वेशीवरच, कुरणात, सांत क्लिमेंत. याच चर्चमधल्या खांबावर रंगवलेल्या लेखामुळे तारीख पक्की माहीत आहे. 10 डिसेंबर 1123 रोजी रोदा-बार्बास्त्रोचे बिशप रामोन यांनी त्याची प्रतिष्ठापना केली, आणि दुसऱ्याच दिवशी गावाच्या मधोमध असलेल्या सांता मारियाची. एकाच गावात लागोपाठच्या दोन दिवशी दोन चर्चं! बिशपसाहेबांना भर डिसेंबरात या बर्फातून पुन्हा यायचं नसणार, हा माझा तर्क.

सांत क्लिमेंतच्या आत वेदीमागची अर्धगोल भिंत बघायला लोक जगभरातून येतात, आणि ती बरीचशी उघडी आहे. कारण असं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी संग्राहकांनी डोंगरी चर्चांमधली भित्तिचित्रं विकत घेऊन बाहेर न्यायला सुरुवात केली. मूर नावाच्या गावचं चित्र तर थेट बोस्टनला गेलं. तेव्हा बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने 1919 ते 1923 या काळात इथली चित्रं उतरवून घेतली. इटलीहून कारागीर आले. त्यांनी चित्रावर सरसाने कापड चिकटवलं, वाळू दिलं, आणि मग ते कापड रंगाच्या थरासकट भिंतीवरून सोललं. गुंडाळ्या खेचरांच्या पाठीवरून खोऱ्याबाहेर गेल्या, कारण तेव्हा गाडीरस्ताच नव्हता.

मग बरीच वर्षं इथे प्रतिकृती रंगवलेली होती. ती काढून 2013 पासून प्रकाशझोताने मूळ चित्र भिंतीवर उमटवतात. हा प्रकार मला आधी तमाशा वाटला होता. प्रत्यक्षात दिवे मालवतात, कोऱ्या गिलाव्यावर आधी नुसत्या रेषा ओढल्या जातात, मग एकेक रंग भरत जातो आणि शेवटी मांडीवर पुस्तक उघडलेला, टपोऱ्या डोळ्यांचा ख्रिस्त पूर्ण होतो. पुस्तकावर लॅटिनमध्ये 'मी जगाचा प्रकाश आहे'. मागचा निळा रंग पिरेनीजमध्येच सापडणाऱ्या एरिनाइट नावाच्या खनिजाचा. काही मिनिटांनी सगळं विझतं आणि पुन्हा भिंत. भिंतीवर कुठेकुठे मूळ रंगाचे जे तुकडे उरलेत ते प्रयोग संपल्यावर जवळ जाऊन बघा. गर्दी तोवर बाहेर पडलेली असते. मनोऱ्यावरही चढता येतं. लाकडी जिने अरुंद आहेत, पाठीवरची सॅक खाली ठेवा.

बोई गावातलं सांत जोआन लोक उगाच टाळतात. तिथे बाहेरच्या भिंतीला पूर्वीसारखा गिलावा आणि रंग दिला आहे, म्हणजे ही चर्चं मुळात अशी उघड्या दगडांची नव्हतीच हे कळतं. आतल्या चित्रांमध्ये (याही प्रतिकृतीच) संत स्तेफानला दगड मारणारे लोक आहेत आणि कसरती करणारे डोंबारीही.

दुर्रो गावासाठी एक दिवस राखून ठेवा. खालच्या बार्रुएरा गावाहून जुन्या वाटेने तासाभराचा चढ, किंवा बोईहून डोंगराच्या कडेकडेने दीड तासाची जवळजवळ सावलीची वाट. मी बोईहून गेलो आणि बार्रुएराला उतरलो. तुम्हीही तसंच करा, म्हणजे गुडघ्यांना उतार एकदाच. दुर्रो जवळपास 1,400 मीटरवर आहे. गावावरून पुढे अर्ध्या-पाऊण तासावर सांत किर्कचं प्रार्थनागृह आहे. इवलंसं आहे, पण खोऱ्याचा पूर्ण नकाशा इथून पायाखाली दिसतो. उन्हाळ्यात या गावांत 'फालेस' हा मशालींचा उत्सव होतो. उंचावरच्या ठराविक जागी आग पेटवायची, पाइनच्या लाकडाच्या पेटत्या मशाली खांद्यावर घेऊन रात्री रांगेने गावात उतरायचं आणि चौकात जाळ करून नाचायचं. 2015 पासून तोही युनेस्कोच्या यादीत आहे. दुर्रोपासून जूनच्या मध्यावर सुरुवात होते आणि जुलैपर्यंत एकेका गावाची पाळी येते. तारखा बघून मुक्काम लवकर ठरवा, त्या रात्री खोली मिळणं अवघड.

डोंगर हवेच असतील तर खोऱ्याच्या पूर्वेला आयग्वेस्तोर्तेस राष्ट्रीय उद्यान आहे, 1955 साली घोषित झालेलं. दोनशेच्या आसपास तळी आहेत. खासगी गाड्यांना आत बंदी. बोईच्या चौकातून परवानाधारक जीप-टॅक्सी 1,820 मीटरवरच्या पठारापर्यंत सोडतात. मी जाताना चाललो आणि येताना जीप घेतली. खालच्या वाहनतळापासून झऱ्याकाठाने, येब्रेता तळ्यावरून आणि सांत एस्पेरितच्या धबधब्याजवळून वर जायला सव्वादोन-अडीच तास लागतात. पठारावर नदी गवतात अनेक फाटे फोडून फिरते, बहुतेक लोक तिथेच डबे उघडतात. आणखी तासाभरावर लोंग तळं आणि तिथे निवारा आहे, सूप आणि चहा मिळतो. दमदार मंडळींनी 2,427 मीटरवरची पोर्तारो खिंड ओलांडून पलीकडे सांत माउरीसी तळ्याकडे उतरावं, पण मग ते दुसऱ्या खोऱ्यात निघतात आणि परत यायला गाडीने मोठा वळसा. खिंडीत जूनमध्येही बर्फाचे पट्टे राहू शकतात. उद्यानात तंबू ठोकायला परवानगी नाही.

हवेबद्दल एवढंच, की उन्हाळ्यात दुपारी तीननंतर ढग कधी फुटतील याचा नेम नाही आणि इथला पाऊस विजांसकट येतो. सातला निघा, दोनपर्यंत झाडीत परता. विंडचीटर जूनमध्येही लागतं. खुणा सोप्या आहेत. लांब पल्ल्याच्या वाटांना पांढरे-लाल पट्टे, मधल्यांना पांढरे-पिवळे, गावातल्या छोट्या वाटांना पांढरे-हिरवे. दोन पट्ट्यांची फुली दिसली तर ती वाट आपली नाही. अडचणीत 112 वर फोन करा.

शाकाहारींनी मनाची तयारी करून जावं. इथली खासियत म्हणजे कोकराच्या मांसाची आणि तांदळाची गिरेला. एका खानावळीत 'मांस नको, मासे नको' असं नीट सांगितलं तरी सॅलडवर ट्यूना आला. वाढणाऱ्या काकूंच्या मते ट्यूना म्हणजे मासा नव्हे. तेव्हा पदार्थ नाव घेऊन मागा. एस्कालिवादा मागा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि मिरच्या ऑलिव्ह तेलात, अगदी आपल्या भरिताची चुलत बहीण. टोमॅटो चोळलेला पाव सगळीकडे मिळतो. त्रिनशात हा कोबी-बटाट्याचा पदार्थ शाकाहारी दिसतो, पण त्यात बहुधा डुकराची चरबी असते. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठशिवाय नाही. मधल्या वेळासाठी चिवडा-लाडू बरोबर असू द्या. दुकानं दुपारी बंद आणि खोऱ्यात ती मुळात थोडी. लोकांची भाषा कातालान. 'बोन दिया' म्हटलं की चेहरे खुलतात.

पोचायचं कसं? बार्सिलोनाहून जलद रेल्वेने तासाभरात लेइदा, तिथून व्हिएल्याकडे जाणाऱ्या बसने पोंत दे स्वेर्त, आणि मग टॅक्सी. बार्सिलोनाच्या उत्तर बसस्थानकावरून थेट बसही आहे. बस मोजक्याच असतात, एक चुकली तर अर्धा दिवस गेला. टॅक्सी आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणाहून फोन करवून ठरवा.

आणि मूळ चित्रं? ती बार्सिलोनात मोंतजुइकच्या टेकडीवर, कातालुन्याच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहेत. आधी ती बघावीत की खोरं? मी म्हणेन, खोरं आधी. संग्रहालयात मूळ चर्चच्या आकाराचेच अर्धगोल सांगाडे उभारून त्यांवर चित्रं बसवली आहेत, आणि ताउलच्या अंधारात उभं राहून आलेल्याला त्या सांगाड्यांची उंची परकी वाटत नाही. मोठ्या ख्रिस्तावरच थांबू नका. सात डोळ्यांचं कोकरू शोधा, आणि श्रीमंताच्या दारात बसलेल्या, बायबलच्या गोष्टीतल्या भिकारी लाझारचे व्रण चाटणारा कुत्राही. शनिवारी दुपारी तीननंतर आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. रविवारी तीनला दारं लावतात आणि सोमवारी संग्रहालय बंद, तेव्हा परतीचं विमान त्या हिशेबाने काढा.