चोविसाव्या हिश्श्याचा रंग

माझं पोट रंगावर चालतं. न्यू जर्सीतल्या एका कोटिंग्जच्या प्रयोगशाळेत पत्र्याच्या तुकड्यांवर रंग मारायचा, त्याची जाडी, चकाकी, पकड मोजायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे एप्रिलमधल्या शनिवारी वेनच्या पीएएल हॉलमध्ये एनएनएल ईस्ट या मॉडेल मोटारींच्या प्रदर्शनाला गेले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष गाड्यांकडे आणि माझं रंगाकडे.

सोबत भाचा होता. शिकायला इथे आलाय, मूळचा कोथरूडचा. हॉलभर लांबच लांब टेबलं, त्यांवर तळहाताएवढ्या गाड्या. त्याचा पहिलाच प्रश्न, "मावशी, यात नंबर कोण काढतं?"

इथे गुण मांडणारे परीक्षक नसतात. ओहायोतल्या टोलीडोमध्ये १९८० साली पहिलं एनएनएल भरलं तेव्हापासूनची ही रीत: गाड्या मांडायच्या, हिंडायचं, बोलायचं आणि आवडलेल्या गाडीला मत द्यायचं. परीक्षकांच्या स्पर्धाही मी पाहिल्या आहेत. टॉर्च घेऊन चाकं सरळ बसलीत का, जोडावर गोंद दिसतो का, हे तपासतात. आणि याच देशात जनरल मोटर्सच्या फिशर बॉडीने १९३० ते १९६८ 'क्राफ्ट्समन्स गिल्ड' चालवलं. मुलांनी आधी नेपोलियनच्या काळातली घोडागाडी लहान मापात घडवायची, पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार, आणि जिंकणाऱ्यांना शिष्यवृत्ती. त्या गिल्डबद्दल मला फार आदर आहे. तरी मत देण्याची पद्धत मला जास्त आवडते, कारण मत द्यायचं तर गाडीसमोर उभं राहून स्वतःलाच विचारावं लागतं की मला नेमकं काय भावलं.

आता रंगाचं. कारखान्यातून निघणाऱ्या मोटारीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. चोवीसपट लहान गाडीवर तो हिशेबाने चार ते सहा मायक्रॉन हवा. एवढा पातळ थर हाताने मारून प्लास्टिक झाकता येत नाही. एअरब्रशने प्राइमर, रंग, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर असं केलं की कित्येक पट जास्त जाडी होते. ती कुठे दिसते? दारांच्या फटीत. खऱ्या गाडीत दाराभोवती चार मिलिमीटरची फट असेल, तर मॉडेलवर ती जेमतेम ०.१७ मिलिमीटर. दोन्ही काठांवर ४० मायक्रॉन रंग चढला की निम्मी फट बुजते, आणि दार उघडणारं न वाटता नुसतं कोरलेलं वाटतं. म्हणून जाणती माणसं रंगाला हात घालण्याआधी सगळ्या फटी कोरून खोल करून घेतात.

मेटॅलिक रंगाचं दुखणं आणखी वेगळं. मोटारीच्या रंगातला अ‍ॅल्युमिनियमचा कण २० मायक्रॉनचा धरला, तर चोविसाव्या हिश्श्याच्या गाडीवर तो खऱ्या गाडीवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या कणासारखा दिसतो. म्हणजे अंगभर चमकी! फोटोत हे लपतं, टेबलाशी वाकलं की लपत नाही. मॉडेलसाठी मुद्दाम बारीक कणांचे लॅकर मिळतात. ते वापरलेली एक चंदेरी पोर्शे तिथे होती. तिच्या मडगार्डवरून उजेड इतका शांत सरकत होता की मी दोनदा फेरी मारून परत तिथेच आले.

भाच्याला मात्र एका कँडी लाल शेव्हरोले इम्पालाने गाठलं होतं. जमिनीला टेकलेली, टपावर नक्षी, इंजिनाला एकेक वायर जोडलेली. कँडी म्हणजे चंदेरी किंवा सोनेरी थरावर पारदर्शक लाल. थर जिथे जाड होईल तिथे रंग गडद होतो, त्यामुळे हात जरा थबकला तरी डाग पडतो. त्या गाडीवर एकही डाग नव्हता. "हिलाच मत," तो म्हणाला. मी म्हटलं, कारागिरी अव्वल आहे, पण एवढा काचेसारखा जाड क्लिअर खऱ्या गाडीवर कधी पाहिलास का? "अगं मावशी, ही स्वप्नातली गाडी आहे, तिला खऱ्या गाडीची मापं कशाला?" त्याचं म्हणणं मला पटलं. कस्टम, म्हणजे हौसेने बदलून सजवलेल्या गाड्या मुळात चकाकीसाठीच जन्मतात.

माझं मत मात्र भिंतीकडच्या टेबलावर गेलं. १९६४ची डॉज ३३०, पंचविसाव्या हिश्श्याची, फिकट बदामी. या किटमधून, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचातून, बहुतेक जण ड्रॅग रेसची गाडी करतात, कारण त्या साली या साध्यासुध्या बॉडीत ४२६ क्युबिक इंचांचं हेमी इंजिन बसवून ती शर्यतीत उतरवली जायची. हिच्या कर्त्याने केली होती सरकारी कचेरीच्या ताफ्यातली गाडी. लहान बशीसारख्या चाकटोप्या, आत रबरी चटई. दारांच्या फटी स्वच्छ. खिडक्यांच्या पट्ट्यांना चिकट अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून काठाने इतकं नेमकं कापलेलं की जोड सापडेना. आणि चकाकी मुद्दाम आवरलेली. क्रायसलरच्या गाड्या तेव्हा भट्टीत भाजलेल्या इनॅमलने रंगवत, वर वेगळा क्लिअर नसे. सरकारी वापरातल्या गाडीला आरशासारखी झळाळी कुठून येणार? डोळा टेबलाच्या पातळीला आणून पाहिलं आणि ती पाच मीटर लांब गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे असंच वाटलं. हे साधलं की मॉडेल जिंकलं, असं माझं ठाम मत आहे.

कर्ते एक वयस्कर गृहस्थ, घडीच्या खुर्चीत बसलेले. मी जाडी विचारली तेव्हा त्यांचे डोळे लकाकले. क्लिअर मुळीच नाही म्हणाले. एक भाग लॅकरला तीन भाग थिनर, हवेचा दाब अगदी कमी, थरांमध्ये भरपूर वेळ, आणि शेवटी पॉलिश फक्त बॉनेट, टप आणि डिकीवर. बाजूंना नाही, कारण धुताना माणसाचा हात तिथे घाईत फिरतो. आम्ही बराच वेळ बोललो. भाचा तोवर विक्रीच्या टेबलांवर जाऊन साठच्या दशकातल्या एएमटी कंपनीच्या किटांचे खोके उलटेपालटे करून आला, किमती ऐकून एक नवं टामिया कंपनीचं किट घेऊन आला.

टाळ्या कँडी इम्पालाला जास्त पडल्या, भाचा खूश. मी एकास तीनचं प्रमाण वहीत लिहून घेतलंय. टामियाची १९६६ची बीटल घरी प्राइमर लावून तयार आहे. पहिला थर मारला की प्रयोगशाळेत तशाच रंगवलेल्या तुकड्याची जाडी मोजून आकडा इथेच लिहीन.