तुम्हाला प्रगती नको आहे का?

इतिहास म्हणजे प्रगती, हे मला पटत नाही असं कुठेही बोलले की हमखास विचारलं जातं, "मग काय, पुन्हा बैलगाडीत बसायचं?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

जगातून देवीच्या रोगाचं उच्चाटन झाल्याचं १९८० साली जाहीर झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. भूल देऊन शस्त्रक्रिया होते, बाळंतपणात बायका पूर्वीसारख्या दगावत नाहीत, हे कोण नाकारेल? माझं भांडण एका हिशेबाशी आहे. माणसाचा सगळा इतिहास वर चढत चालला आहे आणि आधीच्यांनी जे सोसलं ते पुढच्यांच्या सुखात वसूल होतं, असा तो हिशेब.

तो मांडताना खुद्द जर्मन तत्त्वज्ञ कांट १७८४ साली अडखळला होता. आधीच्या पिढ्यांनी खपून इमारत बांधायची आणि तिच्यात राहायचं भाग्य फक्त शेवटच्या पिढीचं, हे त्याला चमत्कारिक वाटलं. तरी त्यानं ते स्वीकारलं. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल तर १८५९ साली स्वातंत्र्याची बाजू मांडता मांडता लिहून गेला की मागासलेल्या समाजांना हे लागू नाही. त्यांची सुधारणा होणार असेल तर त्यांच्यावर एकतंत्री राज्य चालेल. हे लिहिणारा माणूस त्याआधी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, हे आपण तरी विसरू नये. एकदा कुणाला 'मागे' ठरवलं की त्याच्या वतीनं निर्णय घ्यायला पुढचा मोकळा होतो.

पुण्याजवळच्या मुळशीत हेच झालं. मुळा-नीला संगमावर टाटांचं धरण व्हायचं होतं, मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. बुडणार होती ती मावळातली आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं. १९२१च्या एप्रिलमध्ये मावळातले शेतकरी धरणाच्या कामाच्या जागी जाऊन बसले, बायका-पोरांसह. पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यात. त्यांनी तुरुंगवास सोसला, लढा मोडला, धरण झालं. वीज मुंबईला गेली.

या लढ्याबद्दल बोलताना अजूनही कुणीतरी म्हणतं, "वाईट झालं, पण देश पुढे गेला ना." मला राग येतो तो या 'पण'चा. गिरणीला वीज मिळाली हे खरं आणि खाचर गेलं हेही खरं. पहिल्यानं दुसरं फिटत नाही, कारण दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलेलं नाही.

आणि त्या माणसाला विचारलं तरी होतं का? जमीन घेतली गेली ती १८९४च्या भूसंपादन कायद्यानं. त्या वेळी त्यात भरपाई कमी पडली म्हणून शेतकऱ्याला कोर्टात भांडता येत होतं. संपादनालाच हरकत घेऊन ती ऐकवण्याची तरतूद त्यात आली १९२३ साली.